पाण्याचे मशीन आणि संघाचे व्यासपीठ : ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मासिक सभेला वक्ता मिळवणे किती जिकिरीचे काम आहे, याची मला कल्पना आहे. डॉक्टरांना ऐनवेळी पेशंट येतो, बँकेतले ओळखीचे साहेब बदलून जातात, गाण्याच्या कार्यक्रमाला मानधन द्यावे लागते. अशात कोणी 'वेलनेस कोच' आपणहून फोन करतो, पाण्याविषयी मोफत माहिती देतो म्हणतो, वर चहा-बिस्किटांचा खर्चही आमच्याकडे म्हणतो. सचिवांनी त्याला होकार दिला तर त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या तासाभरात व्यासपीठावर नेमके काय घडते आणि त्यात आपल्या संघाचा वाटा किती असतो, हे एकदा नीट पाहायला हवे. त्यासाठी हे पत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि आता एका संघाचा साधा सभासद आहे. पाण्याच्या आयोनायझर मशीनचा, म्हणजे पाणी अल्कलीधर्मी ('अल्कलाइन') करणाऱ्या आणि ते पाणी आजारांवर गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राचा, डेमो मी पुढच्या रांगेत बसून पाहिलेला आहे. खरे सांगायचे तर शिक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटला. इतकी मन लावून ऐकणारी बॅच मला वर्गात क्वचितच मिळाली.

आधी मशीनला त्याचे श्रेय देऊन टाकतो. आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि पाण्यातून वीज सोडली जाते. ऋण पट्टीपाशी हायड्रोजन वायू सुटतो आणि पाणी अल्कलीधर्मी होते. धन पट्टीपाशी ऑक्सिजन सुटतो आणि पाणी आम्लधर्मी होते. दोन नळ्यांतून दोन प्रकारचे पाणी बाहेर येते. ही थाप नव्हे. अकरावी-बारावीच्या पुस्तकातले विद्युत अपघटन आहे. त्यामुळे डेमो करणारा मनुष्य बाटलीतले दोन थेंब टाकून एक ग्लास पिवळा आणि दुसरा निळा-जांभळा करून दाखवतो, तेव्हा तो खोटे काही दाखवत नसतो. माझे म्हणणे एवढेच की टेबलावर जे सिद्ध होते ते रसायनशास्त्र असते आणि विकले जाते ते औषध. या दोहोंमधली दरी डेमोमध्ये कधीच भरली जात नाही. ती संघाच्या बॅनरने, अध्यक्षांच्या प्रास्ताविकाने आणि शेजारच्या खुर्चीवरच्या ओळखीच्या माणसाने भरली जाते.

आता तो डेमोच घेऊ, कारण सगळी जादू तिथेच आहे.

थंड पाण्यात चहाची पिशवी बुडवतात. साध्या पाण्यात रंग फिका, मशीनच्या पाण्यात गडद. 'बघा, या पाण्याची शोषून घेण्याची ताकद!' चहातली रंगद्रव्ये अल्कलीत गडद होतात आणि आम्लात फिकी पडतात. चहात लिंबू पिळले की तो उजळतो हे आपण रोज पाहतो. हा त्याचाच उलटा प्रकार. हळद टाकून पाणी लाल करून दाखवतात. शर्टावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरात कोणाला ठाऊक नाही? हळदीपासून पूर्वापार कुंकू होत आले ते याच गुणामुळे. तेलाचे थेंब टाकून ढवळतात आणि पाणी दुधाळ होते. 'तुमच्या रक्तवाहिन्यांतली चरबी अशीच विरघळेल!' इथे बारकाईने पाहा. हा प्रयोग पीएच ११.५ च्या पाण्याने करतात (पीएच ही आम्ल-अल्कली मोजण्याची पट्टी; ७ मधला, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली), म्हणजे जवळजवळ धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने. ते पिऊ नये असे मशीनच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. जे पाणी प्यायचे नाही त्याचा प्रयोग, आणि जे प्यायचे आहे त्याची जाहिरात! शिवाय रक्तवाहिनीत पाणी नळासारखे वाहत नाही, तेलही पेल्यातल्यासारखे तरंगत नाही.

बेटाडाइनच्या तपकिरी पाण्यात मशीनचे पाणी ओतले की रंग उडतो. हा 'अँटिऑक्सिडंट'चा पुरावा म्हणून सांगतात. आयोडीन अल्कलीत रूप बदलते आणि रंगहीन होते. तोच रंग लिंबाच्या रसानेही उडतो, कारण त्यात क जीवनसत्त्व असते. आणि लिंबाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे ज्या आम्लाला ही मंडळी शत्रू ठरवतात त्याच गोटातला. हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. खर्च एका लिंबाचा. टोमॅटो पीएच ११.५ च्या पाण्यात बुडवून जे पिवळे पाणी दाखवतात, त्याला 'कीटकनाशक' म्हणतात. रंग आला म्हणजे कीटकनाशक निघाले, हे कोणत्या चाचणीने ठरवले, असे एकदा विचारून बघा. टोमॅटोच्या सालीवरची स्वतःची रंगद्रव्येही अल्कलीत अशीच उतरतात. परसातल्या, कधीच फवारणी न केलेल्या रोपाचा टोमॅटो त्यांना द्या आणि काय होते ते पाहा.

(जाता जाता एक. आरओ विकणारे पूर्वी दोन लोखंडी कांड्या पाण्यात घालून वीज सोडत आणि नळाचे पाणी गढूळ तपकिरी करून दाखवत. तो गढूळपणा कांड्यांच्या गंजाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज कमी जाते, म्हणून गंज कमी. आपल्या पिढीने तोही खेळ पाहिला आहे.)

नंतर येते ते गणित. पीएचची पट्टी दहाच्या पटीत चालते. ७ वरून ८ म्हणजे दहापट, ९ म्हणजे शंभरपट. हे बरोबर आहे आणि कोच ते फार ठसक्यात सांगतो. पण तो हा हिशेब पेल्यापाशीच थांबवतो, पोटापर्यंत नेत नाही. आपण नेऊ. पीएच ९.५ च्या एक लिटर पाण्यात मोकळे हायड्रॉक्साइड, म्हणजे पाणी अल्कलीधर्मी करणारा घटक, असते सुमारे ०.०३ मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातले माप). जठरातल्या रसाचा पीएच २ धरला तर त्याच्या एका लिटरमध्ये आम्ल असते १० मिलिमोल. म्हणजे अख्खे लिटरभर पाणी पिऊन त्या हायड्रॉक्साइडने जठररस निष्प्रभ केला किती? सुमारे ३ मिलिलिटर. औषधाच्या छोट्या चमच्यापेक्षाही कमी. आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करते.

कोणी जाणकार म्हणेल, फक्त हायड्रॉक्साइड कसे धरता, पाण्यातले बायकार्बोनेटही आम्ल मारते. अगदी बरोबर. मशीन त्यात थोडी भर घालते, हेही खरे. पण बायकार्बोनेट मुळात नळाच्या पाण्यातच असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटीची, म्हणजे आम्ल मारण्याच्या क्षमतेची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेला टेकलेल्या साध्या पाण्यात आम्ल मारण्याची क्षमता लिटरला ४ मिलि-इक्विव्हॅलंट (इथे हे माप मिलिमोलइतकेच धरा) भरते, म्हणजे वरच्या मोकळ्या हायड्रॉक्साइडच्या शंभरपटीहून जास्त. तीही पाणीपट्टीच्या पैशांत. खाण्याच्या एक ग्रॅम सोड्यात सुमारे १२ मिलिमोल अल्कली असते. (म्हणून सोडा खात सुटू नका, त्यातले सोडियम रक्तदाबवाल्यांना चालत नाही.) पीएच हा आकडा अल्कली किती तीव्र ते सांगतो, तिचा साठा किती ते सांगत नाही. ही एक ओळ लक्षात ठेवली तर डेमोतला निम्मा भाग आपोआप गळून पडतो.

हे नुसते माझे कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी बाजारातली पाच बाटलीबंद अल्कलाइन पाणी तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुतखड्याच्या रुग्णांना लघवी अल्कलीधर्मी करण्यासाठी या पाण्याचा उपयोग होईल का, हा प्रश्न होता. पीएच भरला १० च्या घरात. अल्कली निघाली लिटरला ०.१ मिलि-इक्विव्हॅलंट. नगण्य. त्यापेक्षा संत्र्याचा रस किंवा खाण्याचा सोडा उपयोगी, असे त्यांना आढळले. ती पाणी बाटलीतली होती, घरच्या मशीनची नव्हती, हे मान्य. पण तत्त्व तेच.

समजा जठराचा हा पहारा ओलांडून थोडी अल्कली पुढे गेलीच. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान ठेवते आणि त्यासाठी ते आपल्या पेल्यावर अवलंबून नसते. फुप्फुसे दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण एक मिलिमोल याप्रमाणे उरलेले आम्ल लघवीतून काढतात. 'तुमचे शरीर अॅसिडिक झाले आहे' हे वाक्य सभागृहात टाळ्या मिळवते, पण ज्याचे रक्त खरोखर त्या मर्यादेखाली जाते तो मनुष्य अतिदक्षता विभागात असतो, संघाच्या हॉलमध्ये नसतो. लघवीचा पीएच मात्र खाण्यापिण्याने ४.५ ते ८ असा बराच हलतो. कागदी पट्टीवर तोच दाखवून 'बघा फरक' म्हणतात. लघवीचा पीएच बदलणे म्हणजे मूत्रपिंडांनी आपले काम केले, इतकेच.

'मायक्रोक्लस्टर'बद्दल मला फार लिहायचे नाही. साध्या पाण्याचे रेणू मोठ्या झुबक्यांत असतात आणि मशीन त्यांचे लहान झुबके करते, म्हणून पाणी पेशींत पटकन शिरते, असे सांगतात. पाण्याच्या रेणूंमधले बंध पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात, तुटतात आणि नवे जुळतात. मशीनपासून ओठांपर्यंत टिकेल असा झुबका नसतोच. आणि पेशीच्या आवरणात पाण्यासाठी ॲक्वापोरिन नावाचे मार्ग आहेत, ज्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातून पाण्याचे रेणू एकामागून एक, एकेरी रांगेतच जातात. झुबका लहान असो वा मोठा, दाराशी सुटाच व्हावे लागते.

हायड्रोजनचा मुद्दा मात्र मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. मशीनच्या पाण्यात थोडा हायड्रोजन वायू विरघळलेला असतो. ओआरपी मीटरवर (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता मोजणाऱ्या यंत्रावर) जो उणे आकडा दाखवतात तो मुख्यतः त्याचाच. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून हायड्रोजनवर गंभीर संशोधन सुरू आहे. त्या प्रयोगात हायड्रोजन वायू हुंगवला होता, पाण्यातून पाजला नव्हता. माणसांवरचे नंतरचे अभ्यास बहुतांशी लहान आणि थोड्या काळाचे आहेत. उद्या त्यातून काही निघेल, नाहीही. पण साध्या तापमानाला आणि दाबाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅमच्या आसपास हायड्रोजन मावतो आणि भांडे उघडे राहिले की तो उडून जातो. हंड्यात भरून दिवसभर पुरवलेल्या किंवा उकळलेल्या पाण्यात काय उरणार? आणखी एक गंमत: आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणू न पचलेल्या कडधान्यांपासून रोज हायड्रोजन तयार करतच असतात. दूध पचत नाही का हे पाहण्यासाठी डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजतात, ती चाचणी याच गोष्टीवर उभी आहे. मटकीची उसळ हाही हायड्रोजनचा स्रोतच म्हणायचा, आणि त्यासाठी ईएमआय लागत नाही.

'जपान सरकारची मान्यता' हे वाक्य प्रत्येक डेमोत येते, म्हणून त्याची शहानिशा करू. जपानने १९६५ मध्ये अशा मशीनना घरगुती वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली, हे खरे आहे. कशासाठी? पोटाच्या आणि आतड्यांच्या किरकोळ तक्रारींत आराम मिळावा म्हणून. मधुमेहासाठी नाही, रक्तदाबासाठी नाही, सांधेदुखीसाठी नाही, कर्करोगासाठी तर नाहीच. आपल्याकडे सांगताना मान्यतेचे प्रमाणपत्र दिसते, त्यावरची मर्यादा दिसत नाही. पित्ताच्या बाबतीत थोडा आधार आहे, तोही सांगतो. २०१२ मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले की पीएच ८.८ चे पाणी पेप्सिन हे पाचक द्रव्य निकामी करते. तो अभ्यास विहिरीच्या बाटलीबंद पाण्याचा होता आणि काचपात्रातला होता. २०१७ च्या एका अभ्यासात घशापर्यंत पित्त येणाऱ्या रुग्णांना शाकाहारप्रधान आहार आणि अल्कलाइन पाणी दोन्ही दिले आणि गोळ्यांइतकाच आराम दिसला. पण गुण आहाराचा की पाण्याचा, ते त्यातून वेगळे काढता येत नाही. इतपत आधारावर कोणी लाखांची वस्तू स्वतःच्या हौसेने घेत असेल तर घेऊ दे. माझी तक्रार त्यापुढच्या दाव्यांबद्दल आहे.

त्यातला सगळ्यात वाईट दावा कर्करोगाचा. 'ऑटो वॉरबर्ग यांना नोबेल मिळाले, त्यांनी सिद्ध केले की अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगू शकत नाही.' वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनातल्या एका विकराच्या शोधासाठी. कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता आढळते, पण ती गाठीनेच तयार केलेली असते. तिथे पाणी पिऊन पोहोचता येत नाही. २०१६ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये आहारातली आम्लता, अल्कलाइन पाणी आणि कर्करोग यांवरच्या संशोधनाचा आढावा आला. आठ हजारांहून अधिक नोंदी चाळून निकषांत बसणारा अभ्यास सापडला फक्त एक, आणि त्यातही संबंध दिसला नाही. उपचार म्हणून अल्कलाइन पाणी दिल्याचा अभ्यास तर एकही सापडला नाही. अमेरिकेत याच 'अल्कलाइन' विचाराचा मोठा प्रचारक असलेला रॉबर्ट यंग विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेला. स्तनाच्या कर्करोगाचा उपचार त्याच्या नादाने लांबवलेल्या एका स्त्रीला २०१८ मध्ये सॅन दिएगोच्या ज्यूरीने १०.५ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. तोवर तिचा आजार फार पुढे गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, पण आमच्या संघातल्या लोकांना खरोखर बरे वाटले आहे, त्याचे काय? वाटले असेल. मी त्यांना खोटे म्हणत नाही. वय वाढते तशी तहान कमी लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण रात्री उठावे लागू नये म्हणून मुद्दामच पाणी कमी पितात. दोन-तीन लाखांचे मशीन ओट्याशेजारी आले की माणूस पाणी मोजून पितो. बद्धकोष्ठ सुटतो, लघवीची जळजळ कमी होते, डोके हलके वाटते. त्यासोबत कोचच्या सांगण्यावरून कोल्ड्रिंक बंद होते, तळण कमी होते, सकाळचे फिरणे सुरू होते. यातले काहीही मशीनने केलेले नाही. पण इतके पैसे मोजल्यावर 'फारसा फरक नाही' असे चारचौघांत कोण सांगेल? ज्यांना फरक पडला नाही ते अनुभवकथनाला उभेच राहत नाहीत. सभागृहात आपण ऐकतो ते उरलेल्यांचे.

मग नुकसान ते काय, पाणीच तर आहे! निरोगी माणसाला पीएच ९ च्या पाण्याने विशेष अपाय होत नाही. ते जितके दुबळे उपकारासाठी, तितकेच दुबळे अपायासाठी. मात्र आयएस १०५०० मानकात पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा असे म्हटले आहे, आणि त्यात सूट नाही. म्हणजे 'सर्वोत्तम' म्हणून विकले जाणारे ९.५ चे पाणी देशाच्या मानकाच्या बाहेर बसते. हे वाक्य मी कोणत्याही डेमोत ऐकलेले नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या सभासदांत हृदयाच्या कमकुवतपणामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी 'दिवसाला एवढेच पाणी' असे बजावलेले लोक असतात. त्यांनाही व्यासपीठावरून 'तीन-चार लिटर प्या, शरीर धुऊन निघेल' हाच सल्ला मिळतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाने भरमसाट पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम उतरते; माणूस गोंधळतो, तोल जातो, पडतो. आणि त्रास सुरू झाला की कोचकडे उत्तर तयार असते: 'हा हीलिंग क्रायसिस आहे, विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, पाणी वाढवा.' हे उत्तर मला साऱ्या प्रकरणात सर्वांत धोकादायक वाटते. बरे वाटले तर पाण्याचा गुण, बिघडले तरी पाण्याचाच गुण! यात डॉक्टरांकडे जाण्याची वेळच येत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या 'हळूहळू कमी करू' असे म्हणत परस्पर बंद करणारे मी पाहिले आहेत. कोच तोंडाने 'गोळ्या बंद करा' असे कधीच म्हणत नाही. तो फक्त ज्यांच्या बंद झाल्या त्यांना माइक देतो.

पाणी खरोखरच वाईट असेल, तर त्यावरही हा उपाय नव्हे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या भूजलातले फ्लोराइड किंवा विहिरीत उतरलेले खताचे नायट्रेट काढण्यासाठी हे मशीन बनलेले नाही. त्यातली गाळणी मुख्यतः कार्बनची, आणि कार्बनने ही द्रव्ये जात नाहीत. जड पाण्याच्या गावांत पट्ट्यांवर क्षार बसतात ते आणखी वेगळे. त्यापेक्षा पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेणे हा संघासाठी फार चांगला उपक्रम होईल.

पैशांबद्दल थोडे. हे मशीन दुकानात मिळत नाही, माणसांच्या साखळीतून विकले जाते आणि प्रत्येक विक्रीचे कमिशन वरवर झिरपत जाते. पहिले मशीन घेणाऱ्या सभासदाला लगेच सांगतात की आणखी काही जणांना घ्यायला लावा, तुमचे पैसे वसूल. म्हणजे गुरुवारच्या भजनाला शेजारी बसणारा माणूस आता गिऱ्हाईक होतो. आणि मित्राला नाही कसे म्हणायचे, या भिडेपोटी निवृत्तिवेतनाची ठेव मोडली जाते, नाहीतर पुण्यातल्या मुलाच्या नावावर हप्ते बसतात. संघात पडलेली भांडणे बघा. बऱ्याच ठिकाणी मुळाशी असला व्यवहार सापडेल.

कायद्याचे सांगतो, पण मी वकील नव्हे. तुमच्या सभासदांत एखादे निवृत्त वकील असतीलच, त्यांना दाखवून घ्या. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, संधिवात, लठ्ठपणा, अर्धांगवायू, मुतखडा असे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. 'औषध' या शब्दाची त्यातली व्याख्या बरीच व्यापक आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. मनाई आहे ती अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेण्याला. हॉल आपला, माइक आपला, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निमंत्रण सचिवांच्या नावाचे. मग आपण 'भाग' घेतला की नाही, हा प्रश्न वकील सभासदाला जरूर विचारा. थेट विक्रीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियमही आले आहेत. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी येऊ नये, साखळीत सामील झालेल्याला ठरावीक मुदतीत दंडाशिवाय माघार घेता यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

माझी मागणी डेमोवर सरसकट बंदी घालावी अशी नाही. प्रौढ माणसे आहेत, त्यांना पाहू द्या. पण येत्या वार्षिक सभेत एक ठराव जरूर करा: आरोग्याचा दावा करून काही विकणाऱ्याला संघाचे व्यासपीठ हवे असेल, तर त्याने आपले दावे लेखी द्यावेत, सहीसह, आणि ते आठ दिवस आधी सूचनाफलकावर लागावेत. त्याच सभेला एखाद्या स्थानिक डॉक्टरांना बोलवावे आणि त्यांना विक्रेत्याच्या नंतर बोलू द्यावे. सभेत नोंदणी, आगाऊ रक्कम, हप्त्याचे फॉर्म यांतले काहीही होऊ नये. पदाधिकाऱ्यांनी स्वतः साखळीत असल्यास ते जाहीर करावे आणि त्या दिवशी सूत्रसंचालन करू नये. माझा अंदाज असा की लेखी दाव्याची अट ऐकूनच निम्मे कोच पुन्हा फोन करणार नाहीत. तोंडी 'शुगर गेली' म्हणणारा मनुष्य कागदावर 'हायड्रेशन सुधारते' एवढेच लिहितो.

डॉक्टर मिळाले नाहीत तर रसायनशास्त्राचा कोणताही शिक्षक चालेल. जवळच्या शाळेत विचारा. आमच्या तालुक्यातल्या संघांनी मला सांगितले तर मी येईन. मानधन नको.

शेवटी ज्यांनी मशीन घेऊन टाकले आहे त्यांच्याविषयी. त्यांची चेष्टा होऊ देऊ नका; चेष्टेच्या भीतीनेच ही माणसे गप्प बसतात आणि पुढची विक्री होते. त्यांनी मशीन वापरावे, पण पीएच कमी ठेवून. औषधांच्या गोळ्या साध्या पाण्याबरोबर घ्याव्यात. ही सूचना मशीनच्या पुस्तिकेतही असते. आपण हे पाणी पितो, किती पितो, हे डॉक्टरांना सांगावे, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पिऊ नये. कोणतीही गोळी कमी करायची असेल तर आधी रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आणि मशीनचे पैसे वसूल करण्यासाठी दुसऱ्या सभासदाच्या घरी जाण्याआधी एकदा आपल्या घरच्यांशी बोलावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद
(निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)